एकाहत्तर पूर्णांक चार

३ डिसेंबर

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

सहा एप्रिलच्या सकाळी मी काय काय केलं, ते तू कधी विचारलं नाहीस. तू पोचलीस तेव्हा दहा वाजून गेले होते. त्याआधीचं आज लिहितो.

हिचा श्वास थांबला तेव्हा पाच चाळीस झाले होते. नर्सने घड्याळ बघून कागदावर लिहिलं. मीही बघितलं. मग मला तिथे करण्यासारखं काही उरलं नाही. कागदपत्रांना तासभर लागेल म्हणाले. दवाखान्यापासून आमचं पाणी शुद्ध करायचं केंद्र चालत दहा मिनिटांवर. पाय तिकडे गेले. रात्रपाळीवाल्याने विचारलं, "वहिनी कशा आहेत?" मी म्हणालो, "आता त्रास नाही." त्याला वाटलं, उतार पडला. तो म्हणाला, "मग मी निघू का?" मी म्हणालो, "निघ." सहाची नोंद मी केली. टाकीची पातळी, पाण्याचा गढूळपणा, क्लोरीन. वहीत आजही ती ओळ आहे. अक्षर नेहमीसारखंच आहे, जरासुद्धा हललेलं नाही. ते बघून मला माझीच भीती वाटते.

फिटर आल्यावर त्याला सांगितलं आणि पावणेआठला ऑफिसातून भिंगरीच्या वसतिगृहात फोन लावला. तिच्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेचा तिसरा पेपर होता. पोरगी वसतिगृहात गेल्यापासून पेपरच्या दिवशी पावणेआठला फोन करायचा, हा हिचा नेम. तीनच वाक्यं. "पेन घेतलंस? पाणी प्यायलीस? जा आता." मी सांगायलाच फोन केला होता, ताई. देवाशपथ. पण ती धावत आली आणि धापा टाकत म्हणाली, "आई, आज उशीर झाला मला." माझ्या तोंडून निघालं, "आईचा घसा बसलाय. पेन घेतलंस?" ती "हो" म्हणाली. मी म्हणालो, "जा आता."

पुढचं तुला ठाऊक आहे. नऊ वाजता रेक्टरबाईंना खरं सांगितलं आणि दहा तारखेपर्यंत गप्प राहायची विनंती केली. आठ तारखेला आणि दहा तारखेला पुन्हा मीच फोन केला, पुन्हा घसाच. दहाला तिचे पेपर संपले, संध्याकाळी रेक्टरबाईंनी तिला "आई सिरियस आहे" सांगून रात्रीच्या बसला बसवलं, आणि सकाळी आपण तिला सांगितलं की रात्री नऊला गेली, दवाखान्याने ठेवून घेतलं नाही, रात्रीच सगळं उरकावं लागलं. तेव्हा हिला जाऊन पाच दिवस झाले होते.

आज हे लिहायचं कारण, पोरीचं पत्र आलंय. दुसऱ्या वर्षाला बासष्ट टक्के पडलेत. पहिल्या वर्षाला अठ्ठ्याहत्तर होते. पदवीला विशेष श्रेणी मिळवायची तर एकूण पंच्याहत्तर लागतात. श्रेणी असेल तरच पुढे तिथल्या प्रयोगशाळेत जागा मिळते, आणि तिला तिथेच जायचंय. शेवटच्या वर्षाला किती पाडावे लागतील ते मी काढलं. पंच्याहत्तर त्रिक दोनशे पंचवीस, वजा एकशे चाळीस, उरले पंच्याऐंशी. तिला तसं कळवलंय.

पेपर बुडू नयेत म्हणून मी ते सगळं केलं. पेपर तरी बुडालेच.

तुझा,
धाकटा

१९ डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न.

पत्र मिळालं. बाबा, तुमचे पंच्याऐंशी चुकीचे आहेत. तुमच्या शाळेत सगळी वर्षं सारखी असतील, इथे नसतात. पहिल्या वर्षाचे शंभरात वीस धरतात, दुसऱ्याचे तीस, शेवटच्याचे पन्नास. म्हणजे पहिल्या वर्षाचे माझे पंधरा पूर्णांक सहा जमा. दुसऱ्याचे अठरा पूर्णांक सहा. मिळून चौतीस पूर्णांक दोन. पंच्याहत्तरला हवेत अजून चाळीस पूर्णांक आठ, म्हणजे शेवटच्या वर्षाला एक्क्याऐंशी पूर्णांक सहा टक्के. तुमच्यापेक्षा जवळजवळ साडेतीन टक्के स्वस्तात पडलं. वर्गात मी हे फळ्यावर मांडलं तर सगळ्यांनी आपापली गणितं माझ्याकडून करून घेतली. आता मला "ज्योतिषीबाई" म्हणतात. हात दाखवायला येतात.

दुसऱ्या वर्षाचे पेपर सुटे सुटे बघितले. पहिल्या दोन पेपरांत ऐंशी आणि ब्याऐंशी. मग एकोणपन्नास, बावन्न, सत्तेचाळीस. बाई म्हणाल्या, "मधेच कुणी दुसरी मुलगी बसली होती का तुझ्या जागी?" तिसऱ्या पेपरला मी प्रश्न वाचायचे आणि पुन्हा वाचायचे. तुम्ही पेनाचं विचारलंत, पाण्याचं विचारलं नाहीत. एवढंच डोक्यात होतं. हसण्यासारखं आहे.

सुट्टीत येत नाही. प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचं काम आहे, बाई शिकवतातही. तुम्ही जेवता ना? भांडी घासायला कुणी येतं की तुम्हीच?

तुमची,
भिंगरी

२७ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं गणित बरोबर. माझे मास्तर सरासरी एकच शिकवायचे, सगळं मिसळायचं आणि भागायचं. कोणतं वर्ष जड आणि कोणतं हलकं, असं त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी जेवतो. भांडी मीच घासतो, दोन ताटल्या आणि एक पातेलं, त्यात काय. चवथ्या नंबरचा पंप बदलला. नवा आवाज करत नाही, त्यामुळे मी सारखा उठून बघतो की चालू आहे ना. फिटर मला म्हणाला, "आवाज करत होता तेव्हा शिव्या घालत होतात, आता करत नाही तर कान लावून बसताय."

संध्याकाळी देवापुढे बसतो. काही मागत नाही, नुसता बसतो.

एक्क्याऐंशी पडतील. नाही पडले तरी तू माझी पोरगीच आहेस.

तुझा,
बाबा

२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न.

शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीचा निकाल लागला. एकोणसत्तर. आता दुसऱ्या सहामाहीत मला चौऱ्याण्णव पूर्णांक दोन टक्के हवेत. ते कुणालाच पडत नाहीत. इथे आजवर कुणालाही पडलेले नाहीत, मी विचारून आले. म्हणजे श्रेणी गेली. मला फार वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही, खरं सांगायचं तर. मेसमध्ये जाऊन जेवले. औषधांच्या कंपनीत पॅकिंगवर माणसं घेतात, परीक्षा झाली की तिथे जाईन.

ऑफिसात विचारायला गेले तेव्हा तिथल्या कारकूनबाई म्हणाल्या की एक नियम आहे. परीक्षा चालू असताना विद्यार्थ्याची आई किंवा वडील गेले, तर त्या वेळेनंतर संपलेले पेपर धरत नाहीत. उरलेल्या पेपरांवरून त्या वर्षाचे टक्के काढतात. मात्र निदान दोन पेपर उरायला हवेत. मृत्यूचा दाखला जोडून २८ फेब्रुवारीपर्यंत अर्ज करता येतो, मागच्या वर्षासाठीसुद्धा. त्यांनी विचारलं, "तुझी आई कधी गेली?" मी म्हणाले, "दहा तारखेला रात्री नऊला." त्या म्हणाल्या, "शेवटचा पेपर?" मी म्हणाले, "त्याच दिवशी, एकला संपला." त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आठ तास गं, पोरी."

बाबा, आता जे लिहिते ते वाचून पत्र जाळून टाका. मी खोलीवर आले आणि कागद घेऊन गणित मांडलं. आई आठ तास आधी गेली असती तर शेवटचा पेपर सुटला असता, आणि मला एकोणनव्वद पूर्णांक सात लागले असते. दोन दिवस आधी गेली असती तर त्याहून कमी. चार दिवस आधी, तिसऱ्या पेपरच्या सकाळी गेली असती, तर तिन्ही पेपर सुटले असते, वर्षाचे एक्क्याऐंशी झाले असते, आणि मला आता फक्त एकाहत्तर पूर्णांक चार लागले असते. एकाहत्तर मला झोपेतही पडतात. मी हे सगळं नीट दोन ओळी सोडून, रेघा मारून मांडलं. उत्तराखाली दोन रेघा मारल्या. मग बघितलं की मी काय करतेय. कागद फाडला, तुकडे पुन्हा फाडले.

आणि एक सांगायचं राहिलंय, ते दहा महिने राहिलंय. मी आईला लिहिलं होतं की पेपर संपला की दोनच्या बसने निघते. दोनची बस नऊला पोचते. मी ती बस पकडली नाही. मुली फोटो काढायला चालल्या होत्या, मीही गेले. स्टुडिओवाला म्हणाला, जरा हसा, मी हसले. तो फोटो सगळ्यांकडे आहे. दोनच्या बसने आले असते तर नऊला मी दारात असते. म्हणून मी घरी येत नाही. बाटल्यांचं काम खरं आहे, पण ते कारण नाही. मला दारातून आत यायला होत नाही.

उत्तर लिहिलं नाहीत तरी चालेल.

भिंगरी

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

पोरीचं पत्र सोबत पाठवतो. ते जाळायचं होतं, पण आधी तू वाच.

तिने फाडलेला कागद खरा आहे. ज्या सकाळी आई गेली असती तर, असं तिने लिहिलं, त्याच सकाळी ती गेली. दाखला माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे. सहा एप्रिल, सकाळी पाच चाळीस. तो तिला दिला तर तिची श्रेणी जागच्या जागी आहे. दिला तर तिला हेही कळेल की मी तिला आईचं तोंड बघू दिलं नाही. तिसऱ्या पेपरला ती गेली तेव्हा आई घरीसुद्धा नव्हती, दवाखान्यात चादरीखाली होती, आणि बाप फोनवर घशाचं सांगत होता.

आणि ती बस. ती दोनच्या बसला बसली असती तरी दारात काय होतं, ताई? मी आणि तू. ती दहा महिने स्वतःला खातेय, आणि मी तिला पंपांच्या गोष्टी लिहितोय.

बावीस वर्षं नोंदी करतो. वरचे साहेब कधी म्हणतात, गढूळपणा जरा कमी दाखवा, तपासणी आहे. मी कधी खोटा आकडा लिहिला नाही. वहीत नाही लिहिला.

काय करू ते सांग.

धाकटा

१४ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र वाचलं. चष्मा घालून एकदा, काढून एकदा. काढून वाचलं तेव्हा बरं वाटलं, काही दिसत नव्हतं.

तू बावीस वर्षांचा खरेपणा मला ऐकवू नकोस. त्या दिवशी तुझ्या सगळ्या क्वार्टरांतून दारोदार जाऊन मी हात जोडलेत, पोरीपुढे गप्प राहा म्हणून. त्या हेड ऑपरेटरच्या बायकोपुढे, जिच्याशी मी साधं बोलत नाही, तिच्यापुढेसुद्धा. दहा तारखेला घर झाडून, पुसून, सगळं कालच घडलंय असं दिसेल याची तजवीज मी केली. तिची साडी मी पुन्हा दोरीवर टाकली. धुतलेली, वाळलेली, घडी घातलेली साडी मी ओली करून दोरीवर टाकली, धाकट्या. तू ते बघितलंस आणि काही बोलला नाहीस. पोरीने आल्या आल्या ती साडी धरली आणि तोंडाला लावली. मला अजून दिसतं.

तर शिव्या पडल्या तर पहिल्या मला पडणार, हे लक्षात ठेव.

माझं ऐकशील? दाखला परस्पर त्या कारकूनबाईंना पाठव. पत्र लिही, हात जोड, म्हणावं पोरीला कळू देऊ नका, तुमचं काम तुम्ही करा. श्रेणीची श्रेणी मिळेल आणि घरही राहील. पोरीला सांग, नियमात काहीतरी बदल झाला. ती हुशार आहे, पण दुःखातलं माणूस फार विचारत नाही. तेव्हाही तिने विचारलं नाही.

आणि हे जमलं नाही, तर मग तुझा तू ठरव. मला विचारून करू नकोस. मला विचारलंस की मी नाहीच म्हणणार. मला भाची आहे एकच.

जेवत जा. पातेल्यात काय शिजवतोस ते लिहीत नाहीस कधी.

ताई

२१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तू बसून वाच. जवळ कुणी मैत्रीण असेल तर तिला बसवून घे.

तू दोनची बस चुकवलीस, त्याने काही झालं नाही. दोनच्या बसने आली असतीस तरी आई भेटली नसती. दहा तारखेला ती नव्हतीच. ती सहा एप्रिलला सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी गेली. आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बोलता बोलता खाली बसली, मेंदूतली शीर फुटली होती. शुद्धीवर आली नाही. तिला काही कळलं नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि मीही बघत होतो, ते खरं आहे. त्याच दिवशी दुपारी आम्ही सगळं केलं. मी, आत्या, केंद्रातली माणसं. तू पेपर लिहीत होतीस.

पावणेआठला मी तुला सांगायला फोन केला होता. तू म्हणालीस, "आई, आज उशीर झाला मला." मी सांगितलं नाही. का, ते मी दहा महिने शोधतोय. पेपर बुडू नये म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते थोडं खरं आहे. पण त्या वेळी मनात पेपर नव्हता. तुझ्या तोंडातून "आई" निघालं, आणि मी बोललो असतो तर ती हाक संपली असती. मला ती संपवता आली नाही. एवढंच मला सापडलंय. त्यापुढे काही नाही.

घसा बसला होता तो माझा. तिच्या नावावर मी घातला.

तू येईपर्यंत पाच दिवस झाले होते. ती दोरीवरची साडी आत्याने ओली केली होती. आत्याला दोष देऊ नकोस, तिला मीच गप्प राहून तसं करू दिलं. रेक्टरबाईंनाही नको. त्यांनी मला दोनदा बजावलं होतं की, पोरीला सांगा.

मागच्या आठवड्यात मी आणखी एक खोटं करून बघितलं, तेही सांगतो. तुमच्या कारकूनबाईंना परस्पर पत्र लिहिलं की दाखला पाठवतो, पोरीला कळू देऊ नका. त्यांनी चारच ओळींत उत्तर दिलं. अर्जावर मृत्यूच्या तारखेसमोर विद्यार्थ्याची सही लागते. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "ती दर दोन दिवसांनी खिडकीशी येते, काही विचारत नाही, उभी राहते आणि जाते. तुम्ही तिला सांगा."

दाखला वेगळ्या पाकिटात पाठवतोय. हे पत्र फाडावंसं वाटेल, ते फाड. त्यात दाखला फाटायला नको. त्या पाकिटात दुसरं काही नाही, माझं अक्षरसुद्धा नाही, पत्ता मी फिटरकडून लिहून घेतला. तारखेसमोर सही करायला हात उचलणार नाही. तरी कर. अठ्ठावीसच्या आत कर. एकाहत्तर पूर्णांक चार हे तू मांडलेलं गणित बरोबर आहे. तू त्याच्यासाठी स्वतःला वाईट म्हटलंस. तू वाईट नाहीस. तुला कुणी खरा आकडा दिला नव्हता, तरी तू तिथपर्यंत आलीस.

माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यायची की नाही हे ठरवावं लागेल, आणि तुझी परीक्षा आहे. घरी ये असंही म्हणत नाही. मी देवापुढे बसतो म्हणालो होतो, काही मागत नाही म्हणालो होतो. ते त्या दिवसापर्यंत खरं होतं. आता मागतो. काय ते लिहीत नाही.

तुझा,
बाबा

२२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

काल रात्रपाळी मागून घेतली आणि आज सकाळी दहाला पोस्टात गेलो. रांगेत माझ्यापुढे तीन माणसं होती. तिघांना मी पुढे जाऊ दिलं, मग मागून आलेल्या दोघांनाही. खिडकीतला म्हणाला, "काका, तुम्हाला पाठवायचंय की नुसतं हवा खायला उभे आहात?" मागची बाई हसली. मीही हसलो असेन.

दोन्ही पाकिटं रजिस्टर केली. त्याने आधी दाखल्याचं तोललं, मग पत्राचं. पत्र जड निघालं. शिक्के मारले आणि दोन्ही मागच्या पिशवीत टाकली. मी विचारलं, आता परत काढता येतात का. तो म्हणाला, "पोचपावतीवर सही झाली की मग येत नाहीत. तोवर अर्ज केला तर येतात. फॉर्म देऊ?"

मी म्हणालो, नको.

धाकटा